थुंकी नको, बेडका हवा : वैद्यकीय शिक्षण ठरवणाऱ्यांना सोलापुरातून एक खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण मंडळ,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

विषय : श्वसनमार्गाच्या संसर्गांचं विशेष प्रशिक्षण देशोदेशी एका दर्जाचं करण्याबाबत, आणि तो दर्जा ठरवताना आमच्यासारख्या गावांना विचारण्याबाबत.

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसले त्याला कारण एक डबी. बेडक्याच्या तपासणीसाठी देतात ती, प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची.

मागच्या महिन्यात माझ्या दवाखान्यात पूर्व भागातल्या एक बाई आल्या. विड्या वळणाऱ्या. खुर्चीच्या कडेलाच बसल्या. दिवसभर मांडीवर सूप घेऊन वाकून बसणाऱ्या बाईला पाठ टेकवून बसणं जमत नाही. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळची कणकण, भूक मेलेली. माझ्याकडे नुकताच रुजू झालेला तरुण सहकारी आहे, चांगल्या मार्कांनी एमडी झालेला. त्याने रीतसर तपासलं, एक्स-रे लिहून दिला, हातात डबी ठेवली आणि म्हणाला, "मावशी, यात थुंकी आणून द्या." मावशी बाहेर गेल्या आणि दोन मिनिटांत परत आल्या. डबीत पाण्यासारखी स्वच्छ लाळ. त्यांना सांगितलं तेच त्यांनी केलं होतं.

मी त्यांना मागच्या मोकळ्या अंगणात नेलं. "थुंकी नको, बेडका हवा," म्हटलं. चेहरा कोरा. घरात तेलुगू बोलतात. "तेमडा" म्हटल्याबरोबर हसल्या, पदर तोंडाला लावला. मग लांब उभी राहून मीच करून दाखवलं : चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा, जरा धरून ठेवायचा, सोडायचा, पुन्हा घ्यायचा आणि मग बेंबीच्या देठापासून खोकायचं. दुसऱ्या दिवशी पहाटेचा नमुना आला, घट्ट, पिवळसर, चमचाभर. सरकारी केंद्रात ट्रूनॅट तपासणी झाली, क्षयाचे जंतू सापडले, नेहमीच्या औषधांना दाद देणारे निघाले, आणि गोळ्या सुरू झाल्या. आदल्या दिवशीची डबी पाठवली असती तर अहवाल 'जंतू आढळले नाहीत' असा येण्याचीच शक्यता जास्त होती. आणि आम्ही दोघा एमडींनी तो खरा मानला असता.

त्या मुलाला बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधाचा हृदयावर होणारा परिणाम झोपेतून उठवलं तरी सांगता येतो. ईसीजीतलं कोणतं अंतर किती वाढलं की सावध व्हायचं, सगळं तोंडपाठ. त्याला मी दोष देत नाही. तीन वर्षांच्या प्रशिक्षणात त्याच्या शेजारी उभं राहून, "तू पेशंटकडून बेडका कसा मागतोस ते मला दाखव," असं त्याला एकदाही कोणी म्हणालं नाही. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे. पुढे जे लिहिते आहे ते त्याचाच विस्तार समजा.

आपल्या आयोगाला सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली. इथली पदवी घेऊन बाहेर पुढचं शिक्षण घेणं त्यामुळे सोपं झालं. चांगलंच झालं. पण मान्यता मिळते ती व्यवस्थेला. त्या व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या डॉक्टरला छातीतला संसर्ग नक्की किती ओळखता येतो, हे मोजणं तिच्या कक्षेत येत नाही.

ते मोजायचा एक प्रयत्न युरोपने केला. तिथल्या श्वसनविकार तज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने, २००५ साली 'हर्मिस' नावाचा प्रकल्प हाती घेतला. फुप्फुसाच्या तज्ज्ञाला काय काय माहीत असलं पाहिजे आणि काय काय हाताने करता आलं पाहिजे, यावर निरनिराळ्या देशांतल्या जाणकारांचं मत घेत घेत यादी पक्की केली. पुढे अभ्यासक्रम, आणि २००८ साली बर्लिनला पहिली सामाईक परीक्षा. गरज खरीच होती. युरोपीय संघातला डॉक्टर एका देशात शिकून दुसऱ्यात दवाखाना थाटू शकतो. २००५ च्याच त्यांच्या निर्देशानुसार या विषयाचं प्रशिक्षण किमान चार वर्षांचं हवं. पण चार वर्षं म्हणजे चार वर्षं काय केलं? हर्मिसने तो प्रश्न विचारला. श्वसनक्षमता मोजण्याच्या स्पायरोमेट्री तपासणीसाठी तर त्यांनी चक्क 'ड्रायव्हिंग लायसन्स' काढलं. नाव ऐकून हसू येतं. पण आपल्याकडे ते यंत्र कशी फुंकर मारून घेतल्यावर काय दाखवतं, हे बघितलं की हसू जातं.

आता कोणी म्हणेल, मग तेच आणा इकडे. भाषांतर करा, शिक्का मारा, लागू करा. माझी भीती नेमकी तिथे आहे, आणि ती पुस्तकी नाही. एका चुकीतून आलेली आहे. चूक माझी आहे.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर काम करणारा चाळिशीचा माणूस ताप-खोकला घेऊन आला. मधुमेह होता. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला वरती डाग. मी न्यूमोनिया धरला आणि लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं. अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत, २००७ च्या तशाच २०१९ च्याही, इतर आजार असलेल्या बाह्यरुग्णाला न्यूमोनियासाठी याच जातीचं औषध एकटं देण्याचा पर्याय आहे. मी शिकले ती पुस्तकंही तिकडचीच. आठ दिवसांत माणूस बरा वाटून कामावर गेला. दोन महिन्यांनी परत आला तेव्हा डागाच्या जागी पोकळी झाली होती आणि बेडक्यात क्षयाचे जंतू होते. मधल्या काळात तो घरात पाच जणांबरोबर एका खोलीत झोपत होता.

लेव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूंवरही काम करतं. पूर्ण मारत नाही, दबकवतं. पेशंटला आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, निदान लांबतं, आणि एकट्या औषधाशी गाठ पडलेले जंतू त्याला सरावतात. पुढे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय झाला की उपचारात याच जातीचं औषध कणा म्हणून लागतं, आणि तो कणा आपण आधीच मोडून ठेवलेला असतो. भारतीय छातीरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१२ साली न्यूमोनियाच्या सूचना काढल्या, त्यात हे औषध अंदाजाने सुरू करू नका असं सांगितलं आहे. म्हणजे एकाच रोगाबद्दल, एकाच औषधाबद्दल, एक परीक्षा 'हो' ला मार्क देईल आणि दुसरी 'नाही' ला. दोन्ही आपापल्या गावात बरोबर. ज्या देशात क्षय क्वचित दिसतो तिथल्या डॉक्टरने लेव्होफ्लॉक्सासिन लिहिलं तर आकाश कोसळत नाही. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी एक भारतात आहे. इथे ते लिहिणं म्हणजे आगीवर राख टाकून आग विझली असं समजणं.

म्हणून आंतरराष्ट्रीय दर्जा म्हणताना एक भेद आधी करा. उत्तरं सगळीकडे एक असू शकत नाहीत. प्रश्न असू शकतात. 'या औषधामुळे दुसरा कुठला रोग झाकला जाईल का, हा विचार हा डॉक्टर करतो का?' हा प्रश्न बर्लिनला विचारा, ढाक्याला विचारा, सोलापूरला विचारा. क्षयाच्या बाबतीत हे एकदा झालेलंही आहे. २००६ साली क्षय-उपचारांची आंतरराष्ट्रीय मानकं निघाली; त्यांच्या धर्तीवर, पण आपल्या परिस्थितीत बसवून, २०१४ साली भारताची मानकं निघाली. खाजगी दवाखान्यातल्या मला त्या कागदाचा उपयोग झाला, कारण तो माझ्या पेशंटला समोर ठेवून लिहिला होता.

आणि दरवेळी शहाणपण तिकडूनच इकडे येतं असंही नाही. १९५६ साली मद्रासला क्षयाच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र सुरू झालं. तोवर जगभर समजूत एकच : क्षयाचा माणूस सॅनेटोरियममध्ये ठेवायचा, मोकळी हवा, अंडी-दूध, सक्तीची विश्रांती. आमच्या आजोबांच्या पिढीत सोलापुरातून माणसं मिरजेला पाठवायचे, आणि घरचे त्यांच्या ताट-वाट्या वेगळ्या काढायचे. मद्रासच्या दाटीच्या वस्त्यांतल्या, अर्धपोटी माणसांना तीच औषधं घरी देऊन पाहिली, आणि १९५९ साली दाखवून दिलं की घरी औषधं घेणारे सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात. जगभरच्या सॅनेटोरियमना कुलपं लागायला त्या कामाचा मोठा हातभार लागला.

आता आपल्या घरातलं. तुमच्या आयोगाचा श्वसनविकाराच्या एमडीचा क्षमताधारित अभ्यासक्रम मी वाचला आहे. वाईट नाही. काय यायला हवं ते बरंचसं त्यात आहे. गाडी अडते ती पुढे.

मधली काही वर्षं मी शिकवत होते आणि त्या निमित्ताने दुसरीकडे परीक्षक म्हणूनही गेले. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण मग इतरांवर अन्याय होईल. विद्यार्थ्याचं लॉगबुक माझ्यासमोर आलं. तीन वर्षांच्या नोंदी. ब्रॉन्कोस्कोपी, छातीत नळी घालणं, फुप्फुसाच्या आवरणातलं पाणी काढणं, सगळं तारीखवार. सगळं एकाच निळ्या शाईत, एकाच दाबाने, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकही कोपरा न दुमडलेला. वॉर्डात तीन वर्षं फिरलेल्या वहीवर चहाचा एक तरी डाग पडतो हो! मी विचारलं, "नळी स्वतः किती वेळा घातलीस?" मुलगा प्रामाणिक होता. खाली बघून म्हणाला, "मॅडम, दोनदा. तेव्हाही सर हात धरून होते." वहीत आकडा चाळीसच्या वर होता.

त्याच दिवशी लाँग केससाठी, म्हणजे विद्यार्थ्याने सविस्तर तपासून निदान सांगायचं त्या परीक्षेसाठी, खाटेवर बसलेले काका मला बघून ओळखीचं हसले. आधीच्या परीक्षेलाही तेच होते. छातीत हवा आणि पाणी दोन्ही, हलवलं की डचमळल्याचा आवाज येतो, परीक्षेसाठी सोन्यासारखा पेशंट. त्यांना प्रवासखर्च आणि जेवण मिळतं. मुलांनी चुकीचं निदान सांगितलं तर काका हळूच डोळ्याने खुणावतात, असं म्हणतात. माझा त्यांच्यावर राग नाही. पण कालच दाखल झालेला, ताप नेमका कशाचा हे आम्हा परीक्षकांनाही ठाऊक नसलेला पेशंट परीक्षेला का नसतो? खरी ओपीडी तर तशाच पेशंटांनी भरलेली असते.

युरोपची बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षाही इथे अपुरीच पडेल, हे कबूल करते. चार पर्यायांत बेडका मागता येत नाही.

आमच्या मुलांना काय येतं आणि काय येत नाही, याचाही हिशेब सरळ नाही. क्षयाचे एक्स-रे ते रोज ढिगाने बघतात. दारातून पेशंट आत येतानाच ओळखतात. पण जुना, बरा झालेला क्षय, त्याच्या पोकळीत वाढलेली बुरशी, आणि खोकल्यातून पडणारं रक्त, हे चित्र समोर आलं की बऱ्याचदा पुन्हा क्षयाचीच औषधं सुरू होतात. दोनदा, तीनदा. बुरशीची रक्ततपासणी गावात होत नाही, नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो, आणि ती करायची असते हे सुचायला आधी कोणीतरी दाखवलेलं असावं लागतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारा पेशंट, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असताना होणारा न्यूमोनिया, जंतूंच्या कल्चरचा अहवाल नीट वाचणं, यात आमचे विद्यार्थी कच्चे राहतात. उलट ल्योंमध्ये किंवा म्युनिकमध्ये शिकणाऱ्याला बुरशी ओळखता येत असेल, पण बिनदाद क्षयाचे पन्नास पेशंट सलग सांभाळणं त्याच्या वाट्याला क्वचितच येतं. कोणाचा दर्जा वरचा मग? दोघांनी एकमेकांकडे तीन-तीन महिने काढले पाहिजेत.

सोलापूरकराने हे लिहिलं की द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. १९१० साली याच गावात जन्मले, मुंबईत डॉक्टर झाले, १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जखमी सैनिकांवर उपचार केले हे सगळ्यांना माहीत आहे; त्यांच्या स्मारकाला शाळेच्या सहली जातात. मला मात्र त्यांचं दुसरं काम जास्त भावतं. ते चिनी भाषा शिकले आणि तिथल्या मुलांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवलं. १९४२ साली गेले तेव्हा वय अवघं बत्तीस. सगळ्या देशांना एक शिक्षण म्हणतात ते मला तसं दिसतं : आपलं घेऊन जायचं, आणि तिथली भाषा आधी शिकायची.

आमच्याकडे तर दुसऱ्या देशात जायचीही गरज नाही. सकाळच्या ओपीडीत खोकला चार भाषांत येतो. कोणी 'खोकला' म्हणतो, कोणी 'दग्गु', कोणी 'केम्मु', कोणी 'खाँसी'. कलबुर्गी, विजयपूरहून पेशंट येतात, धाराशिवहून, लातूरहून येतात. माघारी गेले की पुढची औषधं तिकडच्या डॉक्टरच्या हातात. तिकडच्या माणसाने वेगळंच काही शिकलेलं असेल तर माझ्या चिठ्ठीचा अर्थ तिथे बदलतो. म्हणजे दोन देश लांब राहिले, दोन जिल्ह्यांतही आपला दर्जा एक नाही.

तेव्हा मागणं मांडते.

श्वसनमार्गाच्या संसर्गांसाठी एक छोटी गाभ्याची यादी करा, विषयांची नको, कामांची. नमुना नीट मिळवणं. एक्स-रे बघून 'मला माहीत नाही' असं म्हणता येणं. प्रतिजैविक सुरू करण्याआधी थांबणं, आणि सुरू केलेलं वेळेवर बंद करणं, जे त्याहून अवघड आहे. छातीत नळी. एन-९५ मास्क चेहऱ्यावर खरोखर बसला आहे का ते तपासणं. आणि खिडकी! हसू नका. पेरूतल्या लिमा शहरात रुग्णालयांची हवा मोजली, तेव्हा जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डांत हवा नव्या इमारतींपेक्षा कितीतरी चांगली खेळती निघाली. आणि आमच्या गावात नवीन दवाखाना बांधला की पहिल्यांदा खिडक्या बंद होतात, कारण मे महिन्यात त्रेचाळीस अंश आणि एसी लावायचा असतो. खोकणारे वीस जण त्या थंड खोलीत ताटकळत बसतात. हवेचा हा विचार छातीरोगतज्ज्ञाने करायचा नाही तर कोणी?

या यादीतलं प्रत्येक काम दुसऱ्या कॉलेजच्या शिक्षकाने स्वतः पाहून सही करावी. आपल्याच विभागप्रमुखाची सही पुरे धरू नका. त्यांनाही विद्यार्थी नापास करून रोज त्याच वॉर्डात काम करायचं असतं, त्यांची अडचण मला कळते. जिल्हा निवासी कार्यक्रम तुम्ही सुरू केलात, तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयात काढायचे. श्वसनविकाराच्या विद्यार्थ्याचे त्यातले काही आठवडे जिल्हा क्षयरोग केंद्रात आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जायला हवेत, नुसत्या कॅज्युअल्टीच्या रात्रपाळ्यांत नकोत. आणि गेल्या काही वर्षांत एमबीबीएसच्या कॉलेजांना श्वसनविकार विभाग लागतो की नाही यावरून जी चर्चा झाली, ती ऐकून आम्ही कपाळावर हात मारला होता. कोरोनातून बाहेर पडलेल्या देशात हा प्रश्न निघतो तरी कसा?

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. युरोप, अमेरिका, जागतिक आरोग्य संघटना, यांच्याबरोबर बसून सामाईक प्रश्नसंच, सामाईक मानकं ठरवायची वेळ आली की तुम्ही दिल्ली-चंदीगड-मुंबईची मोठी नावं पाठवाल. पाठवा. पण प्रत्येक समितीत एक खुर्ची जिल्ह्याच्या गावातल्या माणसाची ठेवा. सोलापूरच नको, नंदुरबार चालेल, रायचूर चालेल. तो माणूस परिषदेत भाषण करणार नाही कदाचित. पण "बेडका आला नाही तर?" एवढं विचारेल.

माझ्या त्या सहकाऱ्याला आता तेलुगूतले आठ-दहा शब्द येतात. मागच्या मावशी पंधरा दिवसांनी वजन करायला आल्या होत्या. दोन किलो वाढलं होतं. घरातल्या बाकीच्यांनाही तपासायचं म्हणून त्याने त्यांच्याकडून नावं लिहून घेतली. धाकट्या जावेलाही खोकला आहे म्हणाल्या. त्याने स्वतःच ड्रॉवर उघडून दुसरी डबी काढली आणि त्यांना अंगणात घेऊन गेला, जावेला कसं सांगायचं ते शिकवायला.

प्रत महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांनाही पाठवत आहे. उत्तराची वाट पाहते.

आपली,
सोलापूरच्या पूर्व भागातली एक छातीरोगतज्ज्ञ